खाली ठेव, मग उचलते

शिलाण
१२ मार्च १९८८

कटराईंचे बागवाले झाबे राम यांस,

शिलाण गावच्या शाउणू रामकडून कळवण्यात येते की, फागणाच्या जत्रेला तुम्ही आमच्या गावात आलात ते माझ्या बोलावण्यावरून. मंडीच्या कॉलेजात दोन वर्षं एका खोलीत काढली, एवढ्या ओळखीवर मी तुम्हाला पुलाच्या अलीकडे घेतलं. गावची रीत पुलावरच सांगितली होती. फरसबंद वाटेवरून चालायचं. भिंतीला, देवळाला, माणसाला हात लावायचा नाही. काही द्यायचं असेल तर जमिनीवर ठेवून मागे सरायचं, मग आमचं माणूस उचलेल.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी माझ्या घरासमोर तुम्ही आणि माझी बहीण फागणी एका सफरचंदाच्या कलमापाशी वाकलेले होतात, हे शेजारच्या चेतरूच्या बायकोनं छपरावरून पाहिलं. पुढचं तिला नीट दिसलं नाही, मध्ये सरपणाची रास होती. त्या वेळी तुम्ही माझ्या घराच्या भिंतीला हात लावलात, असं गावाचं म्हणणं आहे.

तरी देवळाचा कारभार पाहणारे कारदार आणि पंच यांच्या नावे एका ओळीची कबुली लिहून पाठवावी, की मी मस्तीत भिंतीला हात लावला आणि मुलीनं कलम जमिनीवरून उचललं. सोबत एक मेंढा. पांढरा, शिंगं न मोडलेला. बैसाखच्या संक्रांतीला देव बाहेर निघतो, त्याच्या आत.

जास्त लिहिण्याची गरज नाही.

शाउणू राम


कटराईं
१७ मार्च

शिलाणच्या भिंतींचे रखवालदार श्री शाउणू महाराज यांच्या पायांशी (लांबूनच, न शिवता),

पत्र मिळालं. ‘तुम्ही’ वाचून वाटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून आलं. दोन वर्षं रोज सकाळी तुझं पांघरूण ओढून ‘ऊठ शाउण्या’ म्हणणारा मी, आज ‘यांस’ झालो!

भिंतीला मी हात लावला नाही. मी याच खोऱ्यातला आहे रे, दिल्लीहून गळ्यात कॅमेरा अडकवून आलेला नाही. तुमच्या रीती मला तुझ्याआधी माझ्या आजीनं सांगितल्यात. हॉस्टेलात तुझ्या स्टोव्हवरच्या डाळीला मी कधी चमचा लावला का? एकदाच, तापात, डोळे उघडत नव्हते तेव्हा तुझ्या लोट्यानं पाणी प्यालो. सकाळी बघतो तर लोटा खिडकीखालच्या गटारात. मी हसलो. शेजारच्या खोलीतला म्हणाला, ‘झाबे, हा तुला माणूस समजत नाही.’ त्याच्या कानाखाली मी वाजवली होती, तुझ्यासाठी. ती आता परत घ्यावीशी वाटते.

काय झालं ते मी सांगतो. वाच, आणि तुझ्या पंचांनाही वाचून दाखव.

ते कलम मी ओल्या शेवाळात गुंडाळून, गोणपाट बांधून चौदा मैल पाठीवरून आणलं. फागणी दारात होती. म्हणाली, ‘हे काय, सरपण?’ म्हटलं, सफरचंद. म्हणाली, ‘कुठाय?’ म्हटलं, लागेल, चार वर्षांनी. ‘मग चार वर्षं तू इथंच उभा राहणार का?’ आतून तुझी आई हसली. मग ती म्हणाली, ‘बरं, खाली ठेव, मग उचलते.’ मी वाकलो. खाली जुना बर्फ, वर बकऱ्यांनी तुडवलेला चिखल. मी ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, ‘थांब थांब, बर्फावर नको, मुळं मरतील.’ आणि घेतलं. माझ्या हातातून, शाउण्या. तिची बोटं माझ्या अंगठ्यावर आली आणि तिनं ती घाईनं काढली नाहीत.

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. बागेत छाटणी चालू आहे, बापानं काल माझ्या हातातून कात्री काढून घेतली. म्हणाला, ‘जिवंत फांद्या कापतोयस.’ मला फागणी हवी आहे. लग्न करून. घे, लिहिलं.

आणि ती कबुलीची एक ओळ. कॉलेजातही एकच ओळ मागितली होती, आठवतं? प्राचार्यांच्या खोलीची काच फोडली तेव्हा? ‘चेंडू चुकून लागला’ एवढं लिहून दे, बाकी काही नाही. चुकून लागला नव्हता, नेम धरून मारला होता. लिहिलं नाही, दुसरं वर्ष संपता संपता ट्रंक उचलून घरी आलो. तिथे नाही लिहिलं ते तुमच्या म्हाताऱ्यांसाठी लिहीन?

झाबे


शिलाण
२२ मार्च

झाबे, गाढवा,

तुझं पत्र पुलावर वाचलं आणि पुलावरच जाळलं. दिलू खच्चरवाल्यानं टपाल दगडावर ठेवलं तेव्हा नशीब मीच खाली होतो. गावात वाचता येणारे दोघे. एक मी, दुसरा कारदाराचा जावई. त्याच्या हाती पडलं असतं, तर आज माझ्या घरात चूल पेटली नसती.

पहिलं पत्र मी पाच म्हाताऱ्यांसमोर बसून लिहिलं. जावई खांद्यावरून वाचत होता. पांढरा मेंढा त्यानं घालायला लावला. भिंत मी घातली. तुझ्या हाताला भिंत मी लावली, झाबे, आणि तुला वाटलं मी तुझ्यावर आळ घेतोय! दोन वर्षं एका खोलीत राहून तुझं डोकं एवढंच.

आता सावकाश वाच. बाहेरच्यानं भिंतीला हात लावला, तर मेंढा कापतात, रक्त शिंपडतात, संध्याकाळी गाव मटण खातं आणि दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतही नाही. पण आमच्या माणसानं जाणूनबुजून बाहेरच्याच्या हातातून काही घेतलं, तर ते माणूस आमचं राहत नाही. त्याला कुणी आग देत नाही, पाणी देत नाही. हद्दीच्या दगडाखाली गोठा आहे, तिथे राहायचं. त्याच्या हातचं खाणाऱ्यालाही तेच. आई फागणीच्या हातचं खाते. आईला दिसत नाही, हे तुला माहीत आहे.

संक्रांतीला फागणीला देवाच्या शिळेवर हात ठेवून विचारतील. तिथे शिलाणचं माणूस खोटं बोलत नाही, आणि ही तर तिथे नसतानाही बोलत नाही. पण बाहेरच्यानं आधीच गुन्हा कबूल केला, तर मग दुसऱ्या कुणाला विचारायची रीत नाही. म्हणून तुझी ओळ हवी आहे. तुझ्या अंगठ्याच्या कथा नकोत.

लोट्याचं काढलंस म्हणून सांगतो. आईनं दिलेला होता. ठेवला असता, तर सुट्टीत देवापुढे सांगावं लागलं असतं. त्यानंतर तीन महिने मी डालड्याच्या डब्यानं पाणी प्यालो. तू हसत होतास.

कबुली दिलीस की पूल तुला जन्मभर बंद. हे पहिल्या पत्रात नव्हतं. आता लिहितो, कारण लिहायला मला बरं वाटतंय.

शाउणू


कटराईं
२७ मार्च

शाउण्या,

कळलं. सगळं कळलं. आता माझं ऐक.

काढू दे त्यांना तिला. संक्रांतीच्या सकाळी मी पुलावर ढोल आणि नरसिंगे घेऊन उभा राहतो. हद्दीच्या दगडाखालच्या गोठ्यात नाही, माझ्या घरात येईल ती, वाजत गाजत. आईला पाठीवर आणतो, कलम आणलं तसं. आमच्या घराला सहा खोल्या आहेत, सगळ्यांच्या भिंतींना हात लावा, वाटलं तर टेकून बसा, कुणी मेंढा मागणार नाही. बापाला सांगितलं. तो म्हणाला, ‘आधी कॉलेज अर्धं सोडलंस, आता कुणाची पोरगी अर्ध्यात आणतोस?’ येईल तोही वळणावर.

तू कसला भाऊ आहेस? बहीण खोटं बोलणार नाही हे अभिमानानं सांगतोस आणि माझ्याकडे खोटं मागतोस. बी.ए. होऊन आलास आणि म्हाताऱ्यांसमोर मांडी घालून त्यांना हवं ते लिहितोस. तुला तिची काळजी नाही, तुला त्या गावात मान हवा आहे.

माझी ओळ मिळणार नाही. मिळालीच तर खरी मिळेल, आणि तुझ्या नावे नाही, कारदाराच्या जावयाच्या नावे. त्याला वाचता येतं म्हणालास ना?

झाबे


शिलाण
१ एप्रिल

झाबे,

धमकी पोचली. तीही जाळली. आता पुलावर बसलो की लोक विचारतात, ‘शाउणू, थंडी वाजते का?’

माझी एक आत्या होती, पोशी. खालून येणाऱ्या एका गद्दी मेंढपाळाकडून तिनं चिमूटभर तंबाखू घेतली. हातात. बस्स, एवढंच. अकरा हिवाळे ती त्या गोठ्यात राहिली. आजी रोज भाकरी घेऊन जायची, दगडावर ठेवायची आणि तीन पावलं मागे सरायची. पोटच्या पोरीसाठी, झाबे. मी लहान होतो. मला वाटायचं, आत्या म्हणजे बाहेरची कुणी बाई.

तो मेंढपाळही म्हणाला होता, मी घेऊन जातो. दर वर्षी येताना थांबायचा. आत्या गेली नाही. का गेली नाही, ते विचारायचं राहून गेलं, कारण तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

तुझे ढोल, तुझे नरसिंगे, तुझ्या सहा खोल्या! फागणीला विचारलंस? तिनं कलम घेतलं. तुला घेतलं असं ती कधी म्हणाली? तूच लिहिलंस, ‘मुळं मरतील’ म्हणाली. मुळं, झाबे. तू नव्हे. वासरू अडलं की ती गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते. म्हणून ती वासराच्या प्रेमात पडत नाही. एकदा तरी तिनं तुझं नाव घेऊन हाक मारली? आठवून बघ, आणि खरं लिही. तुला खऱ्याची फार हौस आहे.

मला गावात मान हवा आहे म्हणतोस. हवा आहे. मला इथेच मरायचं आहे, आणि माझ्या बहिणीनं दगडावरची भाकरी उचलून खाताना बघायचं नाही. जावयाला पत्र लिहायचं तर लिही. मग मी पूल उतरून कटराईंला येईन, आणि तेव्हा रीत पाळणार नाही. हात लावीन.

बारा दिवस उरलेत.

शाउणू


कटराईं
८ एप्रिल

शाउणू,

पाच तारखेला मी पुलावर आलो होतो. तुला विचारून नाही, आणि ढोल न घेता.

सकाळपासून बसलो. तुमची कुत्री पलीकडून भुंकत राहिली. दुपारी फागणी खालच्या वाटेनं लाकडाचा भारा घेऊन आली. नाल्याला बर्फाचं पाणी, कानात दुसरं काही शिरत नव्हतं. मी ओरडलो, ‘येशील का माझ्याबरोबर?’ तिनं कानाला हात लावला. पुन्हा ओरडलो. घसा फाटला. तुझ्या त्या वासराच्या गोष्टीचं उत्तर मला हवं होतं, कारण आठवून आठवून थकलो, नाव घेऊन तिनं एकदाही हाक मारलेली नाही.

मग तिनं भारा उतरवला. कमरेला गुंडाळलेल्या लोकरी पट्टूतून गवताच्या जोड्यांची जोडी काढली. पुलाच्या तोंडाशी दगड आहे, त्यावर ठेवली. आणि मागे सरली. मी मोजली, तीन पावलं.

मी पूल ओलांडून दगडापाशी गेलो. म्हटलं, ‘हातात दे, फागणी.’ आता ऐकू जाण्याएवढा जवळ होतो. तिनं डोळे माझ्यावरून काढले, एकदा फिरवले, पायांशी नेले. खाली, जमिनीकडे. मग भारा उचलून वर गेली. वळली नाही.

कुणाला ठेवून देतात आणि कुणाला हातात, हे तूच मला शिकवलंस. उत्तर मिळालं. ओरडून विचारलेल्याचं उत्तर न बोलताही देता येतं, हे तुमच्या गावाकडून शिकावं.

जोडे माझ्या मापाचे निघाले. जत्रेतल्या चिखलात ठसा पडला असेल. पाहुण्याला देतात म्हणे तुमच्याकडे.

सोबत कागद आहे. मेंढा दिलूबरोबर पाठवलाय. बापानं कळपातला सगळ्यात चांगला दिला, तेच जास्त लागलं. कॉलेजला ही ओळ दिली असती तर आज मीही बी.ए. असतो.

तुझा राग मी विसरणार नाही. तूही माझा विसरू नकोस.

झाबे

(सोबतचा कागद)

शिलाणचे कारदार आणि पंच यांस. मी, कटराईंचा झाबे राम, कबूल करतो की फागणाच्या जत्रेत मी मस्तीत शाउणू रामच्या घराच्या भिंतीला हात लावला. मुलीनं कलम जमिनीवरून उचललं. ती मला शिवली नाही.


शिलाण
२० एप्रिल

झाबे,

कबुली संक्रांतीला वाचली. मलाच वाचायला लावली. ‘मस्तीत’ म्हटल्यावर म्हातारे हसले. कारदार म्हणाला, ‘पोरगा प्रामाणिक दिसतो.’ गूर घुमला, त्याच्या अंगात येऊन देवानं मेंढा घेतला. फागणी शिळेपासून हातभर अंतरावर उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

मग सगळे माझ्या घरी आले. गूर म्हणाला, ‘कुठं लावला हात?’ मी भिंतीवर बोट ठेवून जागा दाखवली. दाराच्या डावीकडे, कमरेएवढी उंच. तिथे रक्त शिंपडलं. तेव्हा देवासमोर खोटं तू एकट्यानं बोलला नाहीस. माझ्या वाट्याचं मटण मी चेतरूच्या कुत्र्याला घातलं.

फागणी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी आईच्या पायाला तेल लावता लावता म्हणाली, ‘वाचून दाखव. त्यानं आणि तू काय काय लिहिलंत, सगळं.’ आधीची जाळली होती, आठवली तेवढी सांगितली. शेवटचं वाचून दाखवलं. ‘मी मोजली, तीन पावलं’ इथे आलो आणि ती हसली. तसलं हसणं मला पुन्हा ऐकायचं नाही.

म्हणाली, ‘वरच्या वळणावर कारदारीण उभी होती. पाण्याला आलेली. तिच्या देखत काय त्याच्या पायात घालू जोडे? डोळ्यांनी सांगत होते, माझ्या मागे बघ, मागे बघ. तो माझ्या पायांकडे बघत बसला. मठ्ठ!’

मी म्हटलं, ‘म्हणजे शिळेवर हात ठेवून तू काय सांगणार होतीस?’

म्हणाली, ‘हातातून घेतलं, हे सांगणार होते. त्याच्यापुढं काय, ते आता तुलाही कळणार नाही आणि त्यालाही नाही. मला कुणी विचारायचं ठेवलंतच नाही तुम्ही दोघांनी. एकानं ढोल ठरवले, एकानं भिंत.’

आई म्हणाली, ‘गप्प बस गं, वाचलीस ना.’

‘वाचले,’ म्हणाली. तेलाची वाटी ठेवली आणि बाहेर गेली.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुला लागावं म्हणून लिहितो. मला एकट्याला का लागावं? पूल तुला बंद झाला. पुलाच्या दगडावर तुझ्या नावाची खूण कोरलीय, कोरणाऱ्याला मीच नाव सांगितलं.

कलम पंचांनी राहू दिलं. जमिनीवरून उचललं असल्यामुळे ते शुद्ध आहे, असा निवाडा झाला. आमच्या घराच्या गोठ्यामागे लावलंय. दोन डोळे फुटलेत.

ती इथे शेजारी उभी आहे. म्हणते, लिही: ‘झाबेला विचार, पुढं काय करायचं. झाडाचं. दुसरं एक अक्षर जरी लिहिलं तरी कागद चुलीत जाईल.’

शाउणू


(पोस्टकार्ड)

कटराईं
२७ एप्रिल

शाउणू,

झाडाचं लिहितो.

कलमाचा जोड मातीच्या वर उघडा राहू द्यावा. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो रानटी, नखानं काढावा. वरचे दोन्ही डोळे ठेवावेत. पाणी थोडं द्यावं, रोज नको. हिवाळ्याआधी बुंध्याला गवत बांधावं, उंदीर साल खातात.

पहिली तीन वर्षं फूल आलं तर खुडावं. वाईट वाटलं तरी खुडावं. जीव आधी मुळांत जायला हवा.

हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं, माझी चूक: सफरचंद एकटं फळत नाही. हाकेच्या अंतरावर दुसऱ्या जातीचं झाड लागतं. येत्या फागणात दिलूबरोबर पाठवतो. तो पुलाच्या तोंडाशी दगडावर ठेवेल आणि मागे सरेल. त्या दिवशी बर्फ असला, तर उचलायला वेळ लावू नये.

झाबे